लुडबुडीला घरात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात लहान मुलांना अक्षरे आणि अंक कोणत्या वयात शिकवायला घ्यावेत, यावर सध्या वाद रंगला आहे. तिसऱ्या वर्षीच पाटी हाती द्यावी, असे एका बाजूचे म्हणणे आहे. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला मोकळे सोडावे, असे दुसऱ्या बाजूचे. बालवाडीत बरीच वर्षे शिकवलेली शिक्षिका या नात्याने मला दोन्ही बाजूंत एकच उणीव जाणवते. शिकणे म्हणजे वेगळा वेळ काढून, वेगळे साहित्य मांडून कोणीतरी शिकवायची गोष्ट आहे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे; एकाला ती लवकर हवी आहे, दुसऱ्याला उशिरा, इतकाच काय तो फरक. कपड्यांच्या घड्या घालताना, आंघोळ करताना, जिना चढताना, ताटे मांडताना मुलाच्या हाती जे लागते, त्यावर पुढचे वाचन आणि गणित उभे राहते. त्यासाठी मोठ्या माणसाने कामाचा वेग थोडा कमी करून मुलाला त्यात लुडबुड करू द्यावी लागते. हे ऐकायला सोपे वाटले तरी करायला सोपे नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात बोलण्यापासून करते. मूल पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते ते साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, पण त्याचे संभाषण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. जन्माला येऊन दोन-तीन दिवसही न झालेली बाळे आपल्या आईचा आवाज परक्या स्त्रीच्या आवाजाहून वेगळा ओळखतात आणि तो ऐकू यावा म्हणून चोखण्याची लयसुद्धा बदलतात, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले होते. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग याहून बोलका आहे. बाळाशी हसतखेळत असलेल्या आईने अचानक चेहरा निर्विकार केला आणि ती नुसती पाहत राहिली, तर काही महिन्यांचे बाळ आधी हसून, मग हात हलवून, मग आवाज काढून तिला पुन्हा बोलते करू पाहते, आणि काहीच साधले नाही की मान फिरवून घेते. इतक्या लहान वयातही बाळाला उत्तराची अपेक्षा असते, आणि हे उत्तर द्यायला वेगळी बैठक लागत नाही. लंगोट बदलताना, अंग पुसताना, झबले घालताना दिवसातून कितीतरी वेळा आपण बाळाच्या समोरासमोर येतो. त्या वेळी त्याची नजर जिकडे गेली आहे त्याविषयी दोन वाक्ये बोलावीत, त्याने हुंकार दिला की थांबावे आणि मग पुढे बोलावे, एवढ्याने भागते.

येथे कोणी म्हणेल की बोलणे तर मोबाईलवरही चालू असते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या प्रश्नाला थेट भिडतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या आणि पुस्तके वाचून गेल्या. काहींना त्याच व्यक्ती, तीच पुस्तके आणि तेच बोलणे पडद्यावर दाखवण्यात आले. समोर माणूस असलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यासमोर बसवलेल्या बाळांना त्यातले काहीच साधले नाही.

मुलांशी किती बोलावे, याबद्दलही पुष्कळ गैरसमज आहेत. अमेरिकेतील बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून १९९५ मध्ये असा अंदाज मांडला की सुस्थितीतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत चौथ्या वर्षापर्यंत सुमारे ३ कोटींचे अंतर पडते. हा आकडा जगभर गाजला, आणि त्यातून 'सतत बोलत राहा' असा सल्ला निघाला. कुटुंबांची संख्या लहान होती, शिवाय घरातल्या इतरांचे, मुलाच्या आसपास चालणारे बोलणे त्यात धरलेले नव्हते, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे. मला जास्त मोलाचा वाटतो तो २०१८ मधला अभ्यास. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरी दिवसभर ध्वनिमुद्रण करून आणि मेंदूच्या प्रतिमा घेऊन संशोधकांनी पाहिले, तेव्हा मोठी माणसे एकूण किती शब्द बोलली यापेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, याचा संबंध भाषेशी निगडित असलेल्या मेंदूतील भागाच्या कामाशी अधिक स्पष्टपणे दिसला. आईवडिलांचे उत्पन्न आणि शिक्षण लक्षात घेऊनही तो टिकला. धबधब्यासारखे बोलणाऱ्या पालकाच्या शेजारी मूल गप्प बसलेले असेल, तर त्या बोलण्याचा फारसा उपयोग नाही.

देवाणघेवाण व्हायची तर थांबावे लागते, आणि नेमके तेच आपल्याला जमत नाही. तीन वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारला की त्याला तो समजून घेऊन, उत्तर शोधून, शब्द जुळवायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आपण दोन क्षण वाट पाहतो आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतो, किंवा दुसरा प्रश्न टाकतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजून मग तोंड उघडावे, एवढी एक सवय पालकांनी लावून घेतली तरी मुलांच्या उत्तरांची लांबी वाढते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. दुसरे असे की आपले बरेचसे प्रश्न परीक्षेचे असतात. 'हा रंग कोणता?', 'हे काय आहे?', 'गाय कशी ओरडते?' ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, अशा प्रश्नावर मूल एक शब्द देते आणि विषय संपतो. 'हा डबा उघडत नाहीये, काय करू या?' असे खरोखर अडलेले काम त्याच्यापुढे ठेवले तर ते विचार करून बोलते. उत्तर चुकीचे आले तरी हरकत नाही, कारण ते लगेच करून पाहता येते.

बोलण्यातल्या चुकांचेही तसेच. अडीच-तीन वर्षांचे मूल 'मी करलं' म्हणते तेव्हा घरातले हसतात किंवा 'करलं नाही, केलं म्हण' म्हणून तीनदा वदवून घेतात. हा शब्द मुलाने कोणाकडून ऐकलेला नसतो. बस-बसला, पड-पडला, धर-धरला यांवरून त्याने स्वतःच एक नियम काढला आणि तो 'कर'ला लावला. व्याकरण असे तयार होत असते. आपण फक्त 'हो का, तू केलंस? एकट्याने केलंस?' असे म्हणून संभाषण पुढे न्यावे. योग्य रूप त्याच्या कानावर पडते आणि बोलण्याचा उत्साहही मोडत नाही.

आता गणिताकडे वळते, कारण सर्वांत जास्त घाई तेथे दिसते. धुतलेल्या कपड्यांचा ढीग मूल आणि आपण मिळून आवरायला घेतला, तर त्यात काय काय असते ते पाहा. दोन वर्षांचे मूल आपला सदरा ओळखून बाजूला काढते. पुढे ते रुमाल एकीकडे आणि मोजे दुसरीकडे करू लागते. मग मोज्यांच्या जोड्या लावायच्या असतात आणि तेथे पेच उभा राहतो: रंग जुळला तर लांबी जुळत नाही, लांबी जुळली तर नक्षी वेगळी. एकाच वस्तूकडे दोन अंगांनी पाहणे या वयात खरोखरच अवघड असते. रंगाने वेगळे करत असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला मध्येच 'आता आकाराने वेगळे कर' असे सांगितले तर नवा नियम समजूनसुद्धा ते पुष्कळदा रंगानेच वेगळे करत राहते. चार-पाच वर्षांच्या सुमारास हा बदल जमू लागतो. जुना नियम बाजूला ठेवून नवा धरण्याची ही क्षमता पुढे शाळेत पावलोपावली लागते. मोज्यांच्या जोड्या लावताना तिचा सराव आपोआप होतो, आणि हा सराव कामाच्या ओघात होत असल्यामुळे मुलाला त्याचा कंटाळा येत नाही.

ताटे मांडण्याचे काम तर गणिताच्या दृष्टीने फारच भरीव आहे. प्रत्येक माणसाला एक ताट, प्रत्येक ताटाशेजारी एक पेला. मोजता येत नसलेले मूलही हे करू शकते, आणि एका पेल्याची कमतरता पडली तर ती त्याला डोळ्यांनी दिसते. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वे सांगितली, त्यांतले पहिले हेच आहे: प्रत्येक वस्तूला एक आणि एकच अंक द्यायचा. अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा, हे दुसरे. शेवटी म्हटलेला अंक एकूण संख्या सांगतो, हे तिसरे. कोणत्याही गोष्टी मोजता येतात आणि कोठूनही सुरुवात केली तरी संख्या तीच येते, ही उरलेली दोन. मोठ्यांना ही तत्त्वे इतकी अंगवळणी पडलेली असतात की ती शिकावी लागतात, हेच आपण विसरतो. एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या मुलाला 'मला तीन चमचे दे' असे सांगून पाहावे. ते मूठभर चमचे आणून देते. तेच चमचे त्याच्याकडून मोजून घ्यावेत आणि मग 'किती झाले?' असे विचारावे. उत्तर देण्याऐवजी ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. म्हणजे क्रम पाठ आहे, पण शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, ही उमज अजून यायची आहे. ती टप्प्याटप्प्याने येते. आधी मागितल्यावर 'एक' बरोबर देता येतो, मग 'दोन', मग 'तीन', आणि दोन टप्प्यांच्या मध्ये कित्येक महिने जाऊ शकतात. या मुलाला आणखी पन्नासपर्यंत अंक पाठ करायला लावून ही उमज लवकर येत नाही. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणवून घेण्याच्या हौसेला या एका कारणासाठी तरी आवर घालावा.

मग करावे काय? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुले १४ ते ३० महिन्यांची असताना त्यांच्या घरी जाऊन पालक संख्यांविषयी किती बोलतात, याची नोंद केली गेली. ज्या घरांत हे बोलणे जास्त होते, तेथील मुलांना ४६ व्या महिन्यात संख्येचा अर्थ अधिक चांगला कळत होता. त्याच संशोधकांच्या पुढच्या विश्लेषणात समोर दिसणाऱ्या वस्तू मोजत केलेले बोलणे विशेष उपयोगी असल्याचे दिसले. अशा निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण सल्ला इतका निरुपद्रवी आहे की तो मानायला काय हरकत आहे? जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात, सदऱ्याची बटणे लावताना ती मोजावीत, 'तीन बटणं लागली, एक राहिलं' असे बोलावे. त्याच बरोबर वर, खाली, आत, मागे, मध्ये, कडेला, उलटे, सुलटे असे जागा सांगणारे शब्द सढळ हाताने वापरावेत. 'ते तिकडे ठेव' ऐवजी 'खालच्या कप्प्यात, डब्याच्या मागे ठेव' असे म्हणायला आपल्याला काही जास्त पडत नाही. दोन लहान फडकी मिळून एक मोठे होते, चौकोनी रुमाल कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला की त्रिकोण होतो, हे हाताने कळलेले मूल भूमितीला घाबरत नाही.

पाण्याविषयी थोडेसे. आंघोळीच्या वेळी दोन-तीन लहानमोठी भांडी हाताशी असली की मूल ओतत बसते आणि आपल्याला उशीर होत असतो. उंच, अरुंद भांड्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले की ते कमी झाले, असे चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना मनापासून वाटते. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी हे दाखवून दिले, आणि कोणत्याही घरी ते पडताळून पाहता येते. अशा वेळी 'नाही रे, तेवढंच आहे' असे सांगून काही साधत नाही. त्याला परत ओतू द्यावे. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास स्वतःहून ते म्हणू लागते की पाणी तेवढेच आहे, आपण नुसते भांडे बदलले. मात्र या खेळात मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे, कारण लहान मूल अवघ्या चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते आणि ते बुडताना आवाज होत नाही. हाच नियम बारीक वस्तूंना लावावा: सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर मुलांच्या हाती कधीच लागता कामा नयेत.

हातांचे काम हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. पाणी ओतणे, झाडणे, पुसणे, बटणे लावणे, भांडी धुऊन जागेवर ठेवणे अशा घरगुती कामांना त्यांनी पुढे आपल्या पद्धतीत मानाचे स्थान दिले. त्यामागचा विचार असा होता की या कामांत हात आणि लक्ष दोन्ही एका जागी येतात आणि काम पुरे झाले की नाही, हे सांगायला शिक्षक लागत नाही. बटण चुकीच्या काजात गेले तर सदरा वाकडा दिसतो. पाणी सांडले तर जमीन ओली होते. मुलाला आपली चूक स्वतःला दिसते, आणि कोणी रागावलेले नसल्यामुळे ती सुधारावीशीही वाटते.

लिहिण्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. पेन्सिल धरणाऱ्या बोटांना बळ हवे, पण त्याआधी खांदा, दंड आणि मनगट स्थिर व्हायला हवे, आणि ते होते चढण्याने, लोंबकळण्याने, बादली उचलण्याने, फडके पिळण्याने. डोळ्यांनी पाहिलेला आकार हाताने उतरवण्याचाही एक क्रम आहे. साधारण तीन वर्षांच्या सुमारास मूल गोल पाहून गोल काढते, चारच्या सुमारास अधिकचे चिन्ह काढते, त्यानंतर चौकोन, आणि तिरप्या रेषा जुळवाव्या लागतात म्हणून त्रिकोण पाचच्या आसपास. प्रत्येक मुलाचे वेळापत्रक थोडे मागेपुढे असते, क्रम मात्र बहुधा हाच असतो. आता ज्या मुलाला अधिकचे चिन्हही नीट काढता येत नाही, त्याच्याकडून गाठ, वळण, काना आणि शिरोरेषा असलेला 'अ' पानभर गिरवून घेणे म्हणजे काय, याचा विचार तिसऱ्या वर्षी पाटीचा आग्रह धरणाऱ्यांनी करावा. मूल गिरवते, पण ते अक्षर काढत नसते; ठिपक्यांमागून पेन्सिल ओढत असते. बोटे दुखतात, आणि लिहिणे ही शिक्षा आहे असे मनात बसते. ते मन पुन्हा लिहिण्याकडे वळवण्यात पहिलीच्या शिक्षकांचे सबंध वर्ष खर्ची पडते, हे मी जवळून पाहिले आहे.

वाचनाच्या पूर्वतयारीला अक्षरांआधी आवाज लागतात. चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्दांतले सारखे आणि वेगळे ध्वनी ओळखता येणे आणि पुढे त्यांचे वाचन व शुद्धलेखन चांगले असणे यांचा संबंध ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये दाखवला. बडबडगीते म्हणणे, यमके जुळवणे, 'क' पासून सुरू होणारी एखादी वस्तू खोलीत शोधणे, आपल्या नावाचे तुकडे टाळ्या वाजवून मोजणे, हे सारे चालता चालता, केस विंचरता विंचरता होते. गोष्टीच्या पुस्तकाबाबत सांगायचे तर ते वाचून दाखवण्यापेक्षा त्यावर बोलणे अधिक फळते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रे पाहताना मोकळे प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात भर घालायला आणि हळूहळू गोष्ट त्यालाच सांगू द्यायला शिकवले होते. महिन्याभरातच ही मुले बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. ज्या आजी-आजोबांना वा पालकांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनीही चित्रांवरून गोष्ट रचावी. यात अक्षरांचे फारसे काम नसते. तीच गोष्ट मूल रोज मागते तेव्हा आपल्याला वीट येतो, पण पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळेच ते त्या गोष्टीत स्वतःचे बोलू लागते. रात्री झोपताना दिवसभरातला एखादा प्रसंग दोघांनी मिळून आठवणे, 'मग काय झालं? तू कुठे उभी होतीस?' असे करत तो पुरा करणे, यातून घडलेली गोष्ट क्रमाने सांगण्याची सवय लागते. पुढे निबंध लिहिताना तीच कामी येते.

खोट्या खोट्या खेळाबद्दल एवढेच म्हणते की त्यात व्यत्यय आणू नये. 'डॉक्टर' झालेले मूल रडत नाही, 'पेशंट' झालेले मूल हलत नाही. एरवी दोन मिनिटे स्थिर न बसणारी मुले भूमिकेच्या नियमामुळे स्वतःला आवरतात, याकडे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी लक्ष वेधले होते. खेळताना मूल स्वतःशी मोठ्याने बोलते, तेही त्याला थांबवण्यासारखे नसते. तो त्याचा विचार असतो आणि काही वर्षांत तो आत जातो.

पडद्यांचा प्रश्न निघणारच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, दुसऱ्या वर्षातही ते टाळावे, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तितके बरे, असे त्यांत म्हटले आहे. त्याच सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी, असेही आहे, पण त्याची चर्चा कोणी करत नाही. घरातल्या कामांत मूल वाकते, उचलते, पळते, चढते. त्या तीन तासांतला बराचसा भाग त्यातच भरून निघतो. कोणी पाहत नसतानाही दिवसभर चालू ठेवलेला टीव्ही मला जास्त खटकतो, कारण त्याच्यामुळे घरातल्या माणसांचे मुलाशी बोलणेच कमी होते.

आता आक्षेपांकडे. 'आम्हांला वेळ कोठे आहे?' हा पहिला, आणि तो खरा आहे. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाने प्रत्येक काम मुलाच्या गतीने करावे, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. ती अन्यायाची ठरेल. दिवसातले एकच काम निवडावे, ते रोज तेच असावे आणि त्यात मुलाचा वाटा ठरलेला असावा. कपडे वाळत घालताना चिमटे देणे, एवढा वाटाही पुरतो. त्या एका कामाला पंधरा मिनिटे जास्त लागतील, हे धरून चालावे. बाकीची कामे खुशाल झपाट्याने उरकावीत. दुसरा आक्षेप पसाऱ्याचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, पसारा होतो. आपण काढलेला पसारा आवरणे हेही त्याच कामाचा भाग मानले तर तो थोडा कमी होतो, इतकेच. तिसरा आक्षेप घरात दोन भाषा असलेल्यांचा असतो, की मूल गोंधळेल. ज्या भाषेत आपल्याला सहज बोलता येते, थट्टा करता येते, समजूत घालता येते, त्या भाषेत बोलावे. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाची वाढ खुंटत नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. 'बोलेल हळूहळू' म्हणून सगळेच सोडून देणे योग्य नाही. बारा महिने होऊनही बाळ बडबडत नसेल किंवा बोट दाखवणे, हात हलवणे असे इशारे करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नसेल, अथवा कोणत्याही वयात आलेले बोलणे वा माणसांत मिसळणे मागे पडले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणाची तपासणीही करून घ्यावी. अशा मुलालाही वर सांगितलेली कामे आणि गप्पा उपयोगीच पडतात, परंतु त्या तपासणीच्या ऐवजी नव्हेत.

शेवटी संपादकांना एक विनंती. आपल्या मुलांच्या पुरवणीत तीन-चार वर्षांच्या वयोगटासाठी ठिपके जोडून अक्षरे गिरवण्याचे पान असते. त्याऐवजी ती जागा पालकांसाठी वापरता येईल का, याचा विचार व्हावा. दर आठवड्याला घरातले एक साधे काम, ते करताना मुलाला देता येण्याजोगा वाटा, त्या वेळी विचारता येतील असे एक-दोन मोकळे प्रश्न आणि सुरक्षिततेची आवश्यक ती सूचना, एवढा मजकूर एका चौकटीत मावतो. मागच्या परिच्छेदातली वयानुसारची लक्षणे त्या चौकटीखाली अधूनमधून ठळक टाइपात छापली, तर वेळेवर तपासणीला जाणाऱ्या मुलांची संख्या वाढायला मदत होईल. हा मजकूर तयार करण्याच्या कामी माझा उपयोग होणार असेल तर मी विनामोबदला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका